बिनतेलाचे पथ्य

वडिलांच्या रिपोर्टात पुन्हा तोच मलेरिया निघाला, तेव्हा सिद्धेशने बोरीवलीच्या घरातला औषधांचा डबा पलंगावर पालथा केला. दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या चौदा गोळ्यांपैकी नऊ पाकिटात जशाच्या तशा होत्या.

"अप्पा, ह्या काय आहेत?"

साकीनाक्याच्या कारखान्यात तीस वर्षे लेथ चालवलेले गुणाजी गोधडीत कुडकुडत होते. "ताप पाचव्या दिवशीच गेलो. मगे कशाक पोट जाळूचा? आणि तुझा पथ्य पाळलंय मां! दोन महिने तेलाचो थेंब नाय."

"माझं पथ्य?"

"तूच सांगलंस. कोलेस्टेरॉल नसला तर जंतू आत शिरूचो नाय."

"बांगडे उकडून घातले रे ह्यांना," आई, वनमालाबाई, दारातून करवादल्या. "आमटीला फोडणी नाही. कोणासाठी केलं मी?"

सिद्धेशने कपाळ धरले. तो मलेरियाच्या प्रयोगशाळेत काम करी; घरी मात्र त्याचे जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्ध्यातच विझे. एका रात्री जेवताना, कसे कोण जाणे, ते विझले नाही. तांबड्या पेशींच्या आवरणातले कोलेस्टेरॉल काढून घेतले, तर जंतू बाहेरच घुटमळतात, फार थोडे आत शिरतात, हे तो सांगत गेला आणि अप्पांचा घास हातातच राहिला. आयुष्यात प्रथमच ते त्याचे ऐकत होते. आणि नेमके तेच त्यांनी पाळले!

"ते काचेच्या बशीत होतं, अप्पा! रसायन घालून ओढून काढलेलं. फोडणी सोडल्याने पेशीचं आवरण तसं होत नाही. आणि हा जंतू यकृतात दडून बसतो. त्याला मारायलाच ह्या चौदा गोळ्या होत्या!"

"मग त्या दिवशी यकृताचा का नाय बोललंस?"

सिद्धेशला संताप आला, आणि त्यातला अर्धा स्वतःवरचा होता.

डॉक्टरांनी तापाच्या औषधाबरोबर चौदा गोळ्या नव्याने सुरू केल्या. पहिल्या संध्याकाळी वनमालाबाईंनी लसणीची फोडणी दिलेली आमटी वाढली. जेवण होताच सिद्धेश पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राहिला.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

"पोलीस झालंस काय रे?" गुणाजींनी गोळी गिळली, तोंड उघडून दाखवले आणि हळूच म्हणाले, "ता यकृताचा सांग मां. त्या दिवशी सांगलंस तसा."

शब्द सिद्धेशच्या ओठांशी आले होते. त्याने पाकिटाकडे पाहिले. तेरा उरल्या होत्या.

"चौदाव्या दिवशी सांगेन," तो म्हणाला.