करकरलो मी, खाली गेली इला

मी एक जुना बाक आहे. बुटका, मेपलच्या लाकडाचा, चार मुलं कशीबशी मावतील एवढा. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं सभागृह आहे, तिथे माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकतो, मी काही बिचारा वगैरे नाही. माझ्यामुळे एका दहा वर्षांच्या मुलीची जागा गेली आणि मी नुसता बघत राहिलो. लाकडाला दुसरं येतं काय म्हणा!

इथली माणसं एकमेकांना मित्रच म्हणतात, म्हणून मलाही ती सवय लागली आहे. तर मित्रांनो, यांच्याकडे पुजारी नाही, मूर्ती नाही, भजन नाही. रविवारी सकाळी गोल करून तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही सुचलंच, तर उभं राहून दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. मुलांनाही यात बसता यावं, त्यांचे पाय जमिनीला टेकावेत, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी एका सुताराने मला मुद्दाम बुटका केला. तेव्हा माझं काय कौतुक झालं! पुढे कितीतरी वर्षं मी मुलांनी भरलेला असायचो. कुणी खालून च्युइंगगम चिकटवायचं, कुणी नखाने नाव कोरायचं. मला राग यायचा, पण बरंही वाटायचं.

मग मुलं कमी झाली आणि माझा डावा पाय ढिला झाला. हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आक्रसतं आणि सांधा करकरतो. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जिथे पंचवीस माणसं श्वाससुद्धा जपून घेतात, तिथे तो आवाज फटाक्यासारखा वाजतो. एक स्क्रू आवळायचं काम होतं. कोणी वाकून बघितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्यावर एकटी इला बसायची. तिची आई सुनेत्रा मूळची नागपूरची, इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते. इलाला ही शांतता मनापासून आवडायची. शाळेत, बसमध्ये, घरी, सगळीकडे तिच्यामागे कुणाची तरी घाई असायची. इथे तासभर कोणी तिच्याकडे काही मागत नव्हतं. डोळे मिटून ती इतकी शहाण्यासारखी बसायची की मला अभिमान वाटायचा. आणि नेमका तेव्हाच मी करकरायचो.

सगळे डोळे तिच्याकडे वळायचे. रागवायचं कोणी नाही हो, या लोकांना रागावणं शोभत नाही. नुसते मंद हसायचे. ते हसू मी जवळून पाहिलंय. त्यापेक्षा चापट परवडली. शेवटी एका रविवारी कॉफीच्या वेळी पुरुषोत्तमकाकांनी तिला माझ्याजवळच बाजूला घेतलं. काका निवृत्त डॉक्टर, चाळीस वर्षांपासूनचे सभासद. सभेचं कामकाज तेच चालवतात. मराठी मुलगी म्हणून त्यांचा तिच्यावर जरा जास्तच हक्क.

"बेटा, शांत बसणं सगळ्यांनाच जमत नाही," ते म्हणाले. "यू आर नॉट इन ट्रबल."

"काका, इट्स नॉट मी. बाक वाजतो."

काकांनी पेशंटचं ऐकून घ्यावं तशी मान डोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीत कामकाजाची सभा भरली. विषय होता, मुलांना आपल्या समाजात सामील कसं करून घ्यावं. सभेत मूल एकही नव्हतं. ठरत असं होतं की प्रार्थनेच्या वेळी मुलांनी तळघरातल्या खोलीत बसावं, चित्रं काढावीत, त्यांच्याच भल्यासाठी. या लोकांत मतदान नसतं. काका ठराव वाचतात आणि थांबतात. एकाने जरी उभं राहून नाही म्हटलं, तरी सगळं थांबतं. कोणीच बोललं नाही, तर सगळ्यांना मान्य आहे असं धरतात.

सुनेत्रा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. काकांनी ठराव वाचला तेव्हा तिने माझी कड घट्ट धरली, पण ती उठली नाही. निदान मी तरी करकरावं म्हणून जीव तोडून धडपडलो. हूं नाही की चूं नाही. काकांनी लिहिलं, सर्व मित्रांचं एकमत आहे.

सभा संपल्यावर बाहेर थांबलेली इला आत आली, तेव्हा तिच्या जॅकेटची चेन लावताना सुनेत्राने तिला ते सांगितलं.

"तू नो म्हणालीस ना?" इलाने विचारलं.

"मला वाटलं, तुझी आई म्हणून मला कोणीतरी विचारेल."

"सो यू जस्ट सॅट देअर."

पुढच्याच रविवारी इला तळघरात गेली. आणि त्या शांततेत मी रिकामाच करकरलो. एकदा नाही, दोनदा. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. काकांचे कान लाल झाले. कोणीतरी खाकरलं आणि सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. आठवडाभरात स्क्रू आवळला गेला. महिनाभराने मुलांना वर बोलवायचंही ठरलं. चूक झाली, असं मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही.

काका स्वतः इलाला आणायला गेले. ती सभागृहाच्या दारात थांबली.

"मी येते," ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर सांगा, बाक वाजत होता."

काका म्हणाले, शांततेत कोणाला बोलावंसं वाटलं तर बोलेल.

मग ती माझ्यावर बसली. त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत ती पूर्ण तासभर वाट बघत राहिली. काका उठले नाहीत. सुनेत्राचे पाय हलले, पण तीही उठली नाही. तास संपला की सगळे एकमेकांशी हात मिळवतात. इलाने कुणालाच हात दिला नाही.

मित्रांनो, माझा स्क्रू आता घट्ट आहे, माझी काळजी नका करू. पण एखादं पोर 'मी नाही केलं' म्हणालं, तर आधी खाली वाकून बघा. आणि तुमचं चुकलं असेल, तर त्याच्यादेखत, चारचौघांत, मोठ्याने तसं म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं पोरांपर्यंत पोहोचत नाही. इला आता येत नाही. तिची आई येते, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते आणि तासभर एक शब्दही बोलत नाही.