पाठ फिरवून दिलेली हाक

आयव्हीची पिपाणी तिच्या मुलीच्या, नोलाच्या गळ्यात होती, आणि तिने ती अजून एकदाही ओठांना लावली नव्हती.

पिपाणी म्हणजे रानटर्कीच्या पंखातली तीन पोकळ हाडं, एकात एक बसवलेली, सांध्यांना मेण आणि दोरा. ती फुंकायची नाही. ओठ लावून वारा आत ओढायचा, लहान मूल आईच्या गालाचा पापा घेतं तसा. मग हाडातून मादी बोलते. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात व्हर्लिनने मारलेल्या पक्ष्याच्या पंखातून आयव्हीने ती केली होती. तेव्हापासून दर वर्षी, टेकड्यांवर डॉगवुडची झाडं पांढरी झाली की दोघं रानात जायची. आयव्ही बोलवायची, व्हर्लिन मारायचा. ओझार्क टेकड्यांमधल्या त्या खोऱ्यात सगळे म्हणत की व्हर्लिन स्ट्राउडसारखा नेम नाही, आणि श्वासही न घेता पुढे म्हणत, पण बोलावणं आयव्हीचं.

यंदा हिवाळा सरायच्या आत आयव्ही गेली. डॉगवुड तिच्यासाठी थांबला नाही. आपल्या वेळेला फुलला.

शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी व्हर्लिन स्वयंपाकघरात बंदुकीला तेल लावत बसला होता. हात थरथरत होते, चिंधी नळीवरून सरळ जात नव्हती. दारात उभं राहून त्याचा मुलगा डेल ते बघत होता.

"नोला, बाबांचा हात बघितलास?" तो बहिणीला म्हणाला. "कॉफीचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडतो. त्या हातात बंदूक द्यायची?"

"हळू बोल. त्यांना ऐकू जातंय."

"जाऊ दे की. त्यांच्या तोंडावरच बोलतोय, पाठीमागे नाही. बाबा, उद्या जा तुम्ही. मी अडवत नाही. पण नोला तुमच्यापासून हातभर अंतरावर बसेल. सगळा वेळ. आणि परत आलात की बंदूक माझ्या गाडीत. माझ्या घरी राहील ती यापुढे."

"मी काय भांडं आहे, फडताळात ठेवायला?" व्हर्लिन मान वर न करता म्हणाला.

"तुम्हाला नाही ठेवत. बंदूक ठेवतोय."

"एकच झालं."

नोलाने विचारलं, "आणि सगळं नीट झालं तर?"

"मग बघू," डेल म्हणाला. लहानपणापासून त्याच्या 'मग बघू'चा अर्थ 'नाही' असाच होता, आणि हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. तरी नोलाने कबूल केलं. हातभर अंतर, सगळा वेळ. निदान उद्याची पहाट तरी बाबांच्या हाती लागावी.

पहाटे दोघं चढण चढून वर आली तेव्हा रातवा पक्षी अजून ओरडत होता आणि गवत दवाने जड झालं होतं. नोलाच्या डोक्यावर आईची टोपी होती, कडेला विटलेली, पट्टीत पिसं खोचून खोचून भोकं पडलेली. बाप हिकरीच्या एका जाड बुंध्याला पाठ लावून बसला. गुडघा वर घेतला, त्यावर बंदूक ठेवली. नोला त्याच्या शेजारी बसली. हात लांब केला असता तर त्याच्या बाहीला लागला असता.

पूर्वेकडे फटफटलं. पलीकडच्या टेकडीवरून घुबड ओरडलं, पण घुबडालाही लाज वाटावी इतकं वाईट.

"हर्शेल," व्हर्लिन पुटपुटला. "दर वर्षी वाटतं, या खेपेला तरी सुधारेल."

हर्शेल त्याचा जन्माचा मित्र. मोसमाच्या पहिल्या पहाटे त्याने आपल्या टेकडीवरून घुबड व्हायचं, म्हणजे झाडावर झोपलेला नर दचकून ओरडतो आणि कुठे आहे ते कळतं, हे त्याचं ठरलेलं काम. आणि कितीही वाईट ओरडला तरी त्याचं काम होत असे. ओढ्यापलीकडच्या उंच सिकॅमोरवरून गळगळून हाक आली. घडा उपडा करावा तशी, भरभरून, दरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत सांडत गेली.

"तोच," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या आईचा म्हातारा."

तीन वसंत त्या नराने आयव्हीला झुलवलं होतं. शेवटच्या वर्षी ती म्हणाली होती, आता आमची ओळख झाली, मारायला जड जाईल. पण म्हणताना हसत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच मागे गेली होती.

नोलाने पिपाणी ओठांना लावली. हाड थंड होतं, मग कोमट झालं. तिने वारा ओढला आणि आतून मादी बोलली, झोपेतून उठल्यासारखी, ओल्या आवाजात. नोलाचे डोळे भरून आले. हा आवाज तिचा नव्हताच.

नर लगेच ओरडला. तिने पुन्हा हाक दिली. तो पुन्हा ओरडला. पंखांची जड फडफड झाली, तो झाडावरून उतरला. तिने आणखी बोलावलं, आणि आणखी. तिच्या प्रत्येक हाकेला त्याचं उत्तर येत होतं आणि प्रत्येक उत्तर जरासं जवळून. आईच्या मागे बसून इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या छातीतून वर येत होतं. ती थांबूच शकत नव्हती.

मग तो थांबला. ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, झाडीच्या कडेला. पिसारा उलगडल्याचा आवाज आला, पंखांची टोकं पाचोळ्यावर घासत गेली. तो तिथेच गोल गोल फिरत राहिला. ओरडायचा, पण पुढे येत नव्हता.

"जास्त बोललीस," बाप म्हणाला. रागावून नाही. पाऊस आला म्हणावं तसं.

नोलाला कळलं. रानात मादीच नराकडे जाते. इतकी आर्जवं करणारी मादी आपणच चालत येईल, मी कशाला पाय उचलू, असं त्या नवरदेवाला वाटत होतं. तो पिसारा फुलवून वाट बघत होता, आणि दिवस वर चढत होता.

आई स्वयंपाक करताना, गोठ्यात, रजई शिवताना दोन ओळी गुणगुणायची. मुलांना वाटायचं, नाचाचं गाणं असेल.

हाक दे थोडी, थांब गं फार,
नाही आला तर हो तू पसार.

पसार व्हायचं. बाबांना इथेच सोडून, उठून, त्या नराकडे पाठ करून दूर जायचं आणि जाता जाता बोलायचं, जणू कंटाळून निघाले. मग तो मागे धावतो. आई असंच करायची. नवरा झाडाला टेकून बसलेला आणि ती टेकडीच्या पाठीवरून लांब लांब जाणारी, एकेक हाक टाकत.

नोलाने बापाच्या हाताकडे बघितलं. बोटं बंदुकीच्या लाकडावर हलत होती, पाण्यावर पान हलावं तशी.

"बाबा, मी डेलला शब्द दिलाय."

"मी ऐकलं ना."

"मी गेले तर तुम्ही एकटे."

"आयव्ही गेली की मी एकटाच असायचो." तो तिच्याकडे वळला. दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर काही मागणं नव्हतं, कसली घाईही नव्हती. "तुला काय वाटतं ते कर, पोरी. पिपाणी तुझ्या गळ्यात आहे."

बोलावणारा ठरवतो, मारणारा बसतो. घरातली रीतच ती.

नोला उठली. वाकून बुंध्याआडून मागे सरली आणि टेकडीच्या पाठीवरून पूर्वेकडे निघाली. पावलागणिक वाटत होतं, मागे वळावं. वळली नाही. जरा जाऊन एक हाक दिली, खालच्या आवाजात, रुसून निघाल्यासारखी. नर ओरडला. ती आणखी पुढे गेली. एका दांडग्या ओकपाशी पोचल्यावर, आईने शिकवलं होतं तसं, खोड आपल्या आणि बंदुकीच्या मध्ये घेऊन बसली. पायाने पाचोळा उकरला, मादी दाणे टिपते तसा. आणि गप्प झाली.

नर पुन्हा ओरडला तेव्हा त्याचा आवाज हलला होता. तो येत होता. सरळ नाही, वरच्या अंगाने वळसा घेत, बापाच्या समोरून, तिच्याच दिशेला. मग हाक बंद झाली आणि छातीत नगारा वाजावा तसा त्याचा घुमारा ऐकू आला, इतका जवळ की तो पक्षी बाबांना दिसतच असणार.

आता, तिने मनात म्हटलं.

काही झालं नाही.

घुमारा चालूच होता. पंख घासत होते. एक सुतार पक्षी लाकडावर ठोकून गेला. बंदूक वाजत नव्हती. आता, बाबा. त्यांना तो दिसत नाहीये का? हात उचलेना का? की बुंध्याशी तसेच कलंडले, आणि ती इथे, शब्द मोडून, दोन हाकांच्या अंतरावर बसली आहे? उठून धावावं असं तिच्या पायांना वाटत होतं. पण बंदूक रोखलेल्या माणसाच्या पुढ्यात धावायचं नसतं, हे या टेकड्यांतलं पोर चालायच्या आधी शिकतं.

तिने डोळे मिटले, पाठ खोडाला लावली आणि पिपाणी उचलली. या वेळी आईसारखं बोलावलं नाही. आईसारखं तिला येतच नव्हतं, इतक्या बोलण्यात ते कळून चुकलं होतं. तिने आपल्याच भीतीतून एक बारीक, तुटका सूर ओढला. एकच.

रान थोडं थांबलं. मग बंदूक वाजली, आणि तिचा नाद दरीतून उतरत ओढ्यापर्यंत गेला.

"बाबा, मी येतेय," ती मोठ्याने म्हणाली आणि पूर्ण वाट तेच म्हणत आली.

व्हर्लिन पक्ष्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता, थरथरता हात त्याच्या पंखावर ठेवून. पिसं काशाच्या भांड्यासारखी उन्हात हिरवी-तांबूस झळकत होती. नर म्हातारा होता, पायामागचे काटे आकड्यासारखे वळलेले. मग बाप शेपटीतलं एक पीस उपटून उठला आणि मुलीच्या टोपीच्या पट्टीत, आईच्या भोकात, खोचू लागला. त्याला ते तिसऱ्या खेपेला जमलं. नोला मान खाली करून उभी राहिली.

त्याच सकाळी हर्शेलच्या कोठारात फळ्या टाकून टेबलं मांडली होती. भट्टीतली मऊ गरम बिस्किटं, त्यावर ओतायला पांढरी दाट ग्रेव्ही, तळलेलं हॅम, आदल्या दिवशी रानात सापडलेली अळंबी लोण्यात परतलेली. शेजारपाजारचे सगळे होते. नोलाने ठरल्याप्रमाणे बंदूक रिकामी करून डेलच्या पिकअपमध्ये ठेवली आणि आत आली.

इथलीही रीत होती. मोसमाच्या पहिल्या जेवणाला, ज्याने बोलावलं त्याने गोष्ट सांगायची. ज्याने मारलं त्याने खायचं आणि गप्प बसायचं.

"चला," हर्शेल म्हणाला. "आधी माझ्या घुबडाबद्दल दोन चांगले शब्द."

"तुमचं घुबड ऐकून बाबा म्हणाले, याला कोणीतरी औषध द्या," नोला म्हणाली, आणि कोठार हसलं. तिने सांगायला घेतलं. सिकॅमोर, हाक, तो उतरला, ती जास्त बोलली, तो अडला. मग ती थांबली. समोर डेल हात बांधून उभा होता.

"मग मी उठले," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "बाबांना सोडून टेकडीपलीकडे गेले. दिलेला शब्द मोडला. पुढचं मला माहीत नाही, मी बघितलं नाही. मी बोलावलं, आणि मग खूप वेळाने बंदूक वाजली."

डेलचा चेहरा दगडासारखा झाला.

"बघितलं नाहीस, मग गोष्ट कशी पुरी होणार?" हर्शेल म्हणाला. "आयव्ही तर शेवटपर्यंत सांगायची."

"आयव्ही थापा मारायची," व्हर्लिन म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. या टेबलावर त्याचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

"तीही टेकडीपलीकडेच असायची. इतकी वर्षं माझा नेम तिने मनानेच रचला. आणि मी खात बसलो." तो क्षणभर हसला. मग हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, हलणारा. "हा असा झालाय. डेलचं खरं आहे. म्हणून बंदूक गुडघ्यावर टेकवली होती. नर आला. दगड मारला तरी लागेल एवढ्यावर. छाती समोर, छातीवरची केसाळ दाढी पाचोळ्यावर लोळतेय. पण तो ज्या ओळीत उभा होता त्याच ओळीत मागून हिची हाक आली होती."

"मी खोडाआड होते," नोला म्हणाली.

"असशीलच. तुला तुझ्या आईने शिकवलंय. तरी." त्याने बिस्किट मोडलं. "मी बसलो. तो नाचला, मी बसलो. निघाला तर निघाला, म्हटलं. एका पक्ष्यापायी मी तिकडे नळी धरणार नाही. मग हिने ती एक हाक दिली, अशी हाक मी आयव्हीकडूनही ऐकली नव्हती. तो ऐकायला मान उंच करून दोन पावलं उताराकडे सरला. मागे नुसती ओढ्याची माती. तेव्हा चाप ओढला. झालं."

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा रीतीप्रमाणे गप्प झाला.

डेल बाहेर गेला. कोठाराच्या दारातून नोलाला दिसत होतं. त्याने आपल्या पिकअपमधून बंदूक काढली, सदऱ्याच्या बाहीने तिच्यावरचं दव सावकाश पुसलं, नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि चालत जाऊन ती बापाच्या गाडीत ठेवली. दार हळूच लावलं. परत येऊन तो बाकावर बापाला खेटून बसला.

"पुढच्या वर्षी मला पण न्या," तो म्हणाला.

"तू फार बोलतोस," व्हर्लिन म्हणाला.

"मी नाही बोलणार. सामान उचलेन."

"मग बघू," बाप म्हणाला, आणि नोलाला हसू आवरेना. टोपीतलं पीस तिच्या कपाळावर डोलू लागलं. व्हर्लिनने ग्रेव्हीचा चमचा उचलला. हात थरथरला, फळीवर पांढरे थेंब पडले, आणि सगळ्या कोठारात कोणी ते पुसायला उठलं नाही.