घरात आणखी कोण राहतं

नवरा तिला फौजदार म्हणायचा आणि ती ते कौतुक समजायची. इस्पितळाच्या कपडेखोलीत तिचं आयुष्य गेलं होतं. कोणत्या वॉर्डात चादरींना पाय फुटतात, हे ती नुसत्या गठ्ठ्याकडे बघून ओळखायची. नवरा बस चालवायचा आणि स्वभावाने अगदी उलटा. जो हात दाखवेल त्याच्यासाठी थांबणारा. दोघं निवृत्त झाली, समुद्राकाठच्या गावात राहायला जायचं ठरलं, तेव्हा घर त्याने शोधलं आणि खोट शोधायचं काम तिच्याकडे आलं.

घर बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीत होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे फरशीचं लहानसं अंगण. खाऱ्या हवेने बिजागऱ्या खाल्लेल्या, पण भिंती सरळ होत्या. विकणारा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री होता. चाळिशीचा, एवढा उंच की प्रत्येक दारातून मान वाकवून जायचा. एकटाच राहतो म्हणाला. किंमत अगदी वाजवी सांगितली, आणि पहिली पाल तिच्या मनात तिथेच चुकचुकली.

वरची मागची खोली बंद होती. किल्ली सापडत नाही, आत सगळी अडगळ आहे, असं मिस्त्री म्हणाला. न्हाणीघरात भिंतीला धरायची एक दांडी होती, खाली बुटकं स्टूल. तिने विचारलं तर "आईसाठी होती," एवढं बोलून तो जिना उतरायला लागला. परतताना एजंटने सहज सांगितलं की बिचाऱ्याची आई तो शाळेत असतानाच गेली. ज्या घरात बिजागऱ्या गंजून लाल झाल्या, तिथे ही दांडी मात्र कालच बसवल्यासारखी लखलखत होती.

"बोहारणीकडून भांडं घेताना बघावं तसं बघतेस तू घराकडे," नवरा म्हणाला.

"बघितलं म्हणून कधी पोचे आलेलं भांडं घेतलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पडद्यांची मापं घ्यायचं निमित्त काढून ती मागच्या अंगणात गेली. तिथे कपडे वाळत घालायची दोरी तिच्या खांद्याइतक्या उंचीवर बांधलेली होती. मिस्त्री त्या दोरीखालून गेला असता तर गळ्याला फास बसला असता. दोरीवर काही नव्हतं, पण चिमटे ओले होते. मिस्त्री दारात उभा राहून तिच्या हातातल्या टेपकडे बघत होता आणि तिची नजर वळली की दुसरीकडे बघत होता.

वकीलबाईंचं ऑफिस दोरखंडांच्या दुकानावर होतं. बाई कमी बोलायच्या आणि बोलताना पेन्सिलीला टोक करत राहायच्या. त्यांनी जुनी सगळी खरेदीखतं तपासली होती. कागदावर घर मिस्त्रीच्या एकट्याच्या नावावर होतं. बोजा नाही, गहाण नाही, रस्त्याचा तंटा नाही. घरात आणखी कोणी राहतं का, असं त्यांनी रीतसर लेखी विचारलं होतं आणि त्यानेही लेखीच "नाही" असं उत्तर दिलं होतं.

तिने दांडी, दोरी आणि बंद खोली अशी सगळी हकिगत सांगितली. नवरा खिडकीबाहेर बघत बसला. वकीलबाईंनी मात्र पेन्सिल खाली ठेवली. एखादं माणूस वर्षानुवर्षं घरात राहत असेल, घरासाठी त्याने पदरचं घातलं असेल, तर नुसत्या खरेदीखताने त्याचा हक्क पुसला जात नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग तेच माणूस उद्या दार अडवून उभं राहिलं तर भांडायचं कोणी, असंही विचारलं.

घर बघायला यायचं तर आदल्या दिवशी कळवा, असं एजंटने बजावलेलं होतं. पुढच्या आठवड्यात ती न कळवताच गेली. पाण्यात म्हैस बघून मोल ठरवणाऱ्यांतली ती नव्हती.

दार उघडलं ते कमरेत वाकलेल्या एका म्हातारीने. केस नीट विंचरलेले, बोटात शिवणाचं अंगुस्तान. तिने पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही घर घेणाऱ्या ना? आज येणार असं मला कोणी सांगितलं नाही. नाही तर मी शिंप्याकडे जाऊन बसले असते."

ती मिस्त्रीची मावशी निघाली. बहीण गेल्यावर दोन्ही भाचरं तिनेच वाढवली होती आणि छपराला नवे पत्रे घालताना स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, पत्रे दाखवता दाखवता सांगितलं. लपून बसायची कल्पनाही तिचीच होती. म्हातारं माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं. आधीचे दोघं तसेच पळाले होते. तिला मात्र हे घर विकायलाच हवं होतं. जिना चढवत नव्हता. भाच्याने बाजारात तळमजल्यावर फ्लॅट बघून ठेवला होता, तिथे दोघं राहणार होती.

मागची खोली आज उघडी होती. पलंगावर निळ्या कापडाचे पडदे पसरलेले होते, अर्धे शिवून झालेले.

"नव्या घराचे," मावशी म्हणाली. "तीन खिडक्या आहेत. स्वयंपाकघराची, झोपायच्या खोलीची आणि न्हाणीघराची."

पाहुणीने सवयीने कापड उचललं, काठाला काठ लावला. तिन्ही पडदे एकाच मापाचे होते.

"मावशी, तुम्ही तो फ्लॅट बघितलात?"

"त्याने बघितला ना. मापं त्यानेच आणून दिली."

न्हाणीघराला स्वयंपाकघराएवढी खिडकी कोण ठेवतं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारी सुईत दोरा ओवत होती, आणि तिला ते बोलवलं नाही. परतताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वरवर साधा दिसणारा हा मिस्त्री म्हातारीला रस्त्यावर काढणार आणि घराचे पैसे घेऊन पोबारा करणार, याची तिला खात्रीच पटली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की भाचा आणि मावशी आपसात काय ते बघतील, आपण तिसरे. तिने विचारलं, त्या खोलीत तुला झोप लागेल का? सकाळी वकीलबाईंना फोन त्यानेच केला.

वकीलबाईंनी मिस्त्रीला मावशीसह बोलावून घेतलं. मावशी ठेवणीतलं नेसून आली होती. वकीलबाईंनी सांगितलं की मावशींचं संमतिपत्र लागेल, त्यांनी सही करण्याआधी स्वतःचा वेगळा वकील बघावा, आणि त्या पुढे कुठे राहणार तो पत्ता द्यावा. मावशीला राग आला. भाच्यावर संशय घेणारे तुम्ही कोण, असं ती स्पष्ट म्हणाली. मिस्त्री पत्ता आठवत नाही म्हणाला, मग कागद घरी राहिला म्हणाला.

तेव्हा इतका वेळ नवऱ्याशेजारी बसलेली फौजदारीणबाई बोलली. आवाज न चढवता. "न्हाणीघराची खिडकी केवढी आहे हो तिथली?"

मिस्त्रीने मान खाली घातली. काळ्या तेलाने बरबटलेली नखं तो एकमेकांवर घासत राहिला.

"फ्लॅट नाहीये, मावशी," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दूरच्या एका मोठ्या बंदरात त्याला काम मिळालं होतं. राहायला कामगारांची खोली, एकेकाला एक खाट. मावशीला तो आपल्या बहिणीकडे ठेवणार होता. बहीण तयार होती. पण बहिणीने मावशीच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून मावशीने तिचं तोंड बघितलं नव्हतं. तिच्याकडे जा म्हटलं असतं तर मावशीने सही केली नसती. सामान हलवायच्या दिवशी सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

"गाडीत बसल्यावर?" मावशीने विचारलं.

त्याने हो म्हणून मान हलवली.

फौजदारीणबाई त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. चोर नव्हता तो, भित्रा होता. तरी तिचा पुरता विश्वास बसेना. खरं असेल, अर्धंही असेल. तिच्या मनातलं जणू ऐकल्यासारखी मावशी म्हणाली, "लाव तिला फोन. इथेच लाव."

फोन लागला. मावशीने तो कानाशी धरला आणि कितीतरी वेळ नुसतं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "रडू नकोस. कोणती खोली काढलीयेस माझ्यासाठी? ...बरं. आठ दिवस येईन. राहायला नाही."

फोन खाली ठेवून तिने वकीलबाईंना वेगळा वकील सुचवायला सांगितलं.

नव्या वकिलाने मावशीचा वाटा ठरवून घेतला. तो थेट तिच्या नावावर जमा होईल असं खतात लिहिलं गेलं. मिस्त्रीने त्यावर सही केली. मावशीने शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे जाऊन तिने स्वतः खिडक्या मोजल्या, दोनदा. भाच्याशी ती बोलायची, पण तो काही सांगायला लागला की मध्येच थांबवून "कोणी सांगितलं?" असं विचारायची. तो कामावर निघाला त्या सकाळी ती त्याला पोचवायला गेली आणि तिकीट स्वतः वाचून बघितलं.

सह्या झाल्या, ताबा मिळाला. नवरा-बायको रिकाम्या घरात खोकी उघडत बसली होती, तेवढ्यात मावशी किल्ल्यांचा उरलेला जुडगा द्यायला आली. नवऱ्याने तिला एका खोक्यावर बसवलं आणि चहा टाकायला गेला.

"आता सगळं तुमचं झालं," मावशी म्हणाली. "तेव्हा सांगून टाकते. उधाणाच्या भरतीला मोरीतून पाणी उलटं येतं. फडक्याचा बोळा करून ठेवा. आणि वरच्या पुढच्या खोलीत पश्चिमेची भिंत ओल धरते. आम्ही तिथे कपाट ठेवायचो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कोण सांगतं?"

फौजदारीणबाई उठली, वर गेली आणि भिंतीला हात लावून बघितला. भिंत कोरडी होती. पण भरती अजून यायची होती, आणि मावशीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की भिंतीवर, हे तिला ठरवता येईना. खाली येऊन ती मावशीशेजारच्या खोक्यावर बसली.

"आणखी काय काय आहे?" तिने विचारलं.

मावशीने चहाचा कप हातात घेतला आणि जरा विचार करून छपरापासून सुरुवात केली.