उलटं दाखवणाऱ्या भिंगाची सरळ गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी: मी सगळं जग उलटं दाखवतो. माझ्याखाली काचपट्टी ठेवलीत तर तिची डावी बाजू तुम्हाला उजवीकडे दिसेल आणि वरची बाजू खाली. यात माझी लबाडी काही नाही, भिंगांचा स्वभावच तसा. मला घडवणाऱ्या कारागिराने पितळेची नळी घासली, दोन्ही टोकांना भिंगं बसवली, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाला, "झकास!" उलट्या चित्राला झकास म्हणवून घेतच मी जगात आलो.

मग मी एका मोठ्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आलो. खिडकीजवळ लाकडी टेबल, कोपऱ्यात ठिबकणारा नळ आणि भिंतीला लागून माशांच्या काचेच्या टाक्या. मासे बोटाच्या पेराएवढे. त्यांचा मेंदू तांदळाच्या दाण्याएवढा. तो दाणा एका यंत्रावर केसाहूनही पातळ कापायचा, त्या चकत्या काचपट्टीवर ठेवायच्या, रंगवायच्या आणि माझ्याखाली सरकवायच्या. दिवा लागला की काय दिसायचं ते कसं सांगू? तांदळाच्या त्या एका दाण्यात एक अख्खं शहर. गल्ल्या, चौक, एकमेकींना बिलगलेल्या निळ्या ठिपक्यांची वस्ती. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. मी हे रोज पाहिलं, आणि रोज मला माझ्या पितळेची लाज वाटली. एवढा जड मी, आणि एवढासा तो दाणा!

मला माणसं मोजायची खोड आहे. माझ्यात डोकावणारी माणसं तीन जातींची. पहिली जात "अबब!" म्हणून श्वास रोखते. दुसरी आधी विचारते, "हा केवढ्याचा?" तिसरी काम झालं की माझी भिंगं पुसून ठेवते. या तिसऱ्या जातीत सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एकच माणूस जमा झालं. तिचं नाव सगळ्यांनी मावशी ठेवलं होतं.

मावशी पेशी मोजायची. एक डोळा माझ्यात, एका हातात टिकटिक करणारा मोजणीचा ठोकळा आणि शेजारी नोंदवही. चकती कापण्याआधी ती प्रत्येक मेंदूच्या उजव्या बाजूला सुईचं एक बारीक भोक पाडून ठेवायची. पुढे कितीही उलटापालट झाली तरी भोक असेल ती बाजू उजवी. मोजून झालं की वहीत चकतीचं छोटंसं चित्र काढायची, आकडे लिहायची आणि मला म्हणायची, "चल, डोळे पूस रे बाबा."

मग डॉक्टरबाई आल्या. सहा वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळांत काढून आलेल्या, सगळं मोठ्या पडद्यावर पाहायची सवय असलेल्या. त्यांनी माशांना एक गोष्ट शिकवली होती: लाल दिवा लागला की खाऊ मिळतो. शिकलेल्या माशांच्या मेंदूत एकाच बाजूला जास्त पेशी कामाला लागलेल्या दिसत होत्या. दुसरी बाजू स्वस्थ. डॉक्टरबाईंना प्रश्न पडला होता: आठवण एका बाजूला घर का करते?

प्रश्न मोठा होता आणि मुदत छोटी. विभागाचे साहेब दर आठवड्याला दारात उभे राहून खोलीची लांबी-रुंदी नजरेने मापायचे. "वर्षअखेरीपर्यंत अनुदान आलं नाही," ते म्हणायचे, "तर इथे बैठकीचं टेबल छान बसेल."

डॉक्टरबाई अर्जांच्या मागे लागल्या. एक संस्था फक्त आजारांच्या संशोधनाला मदत द्यायची. दुसरी फक्त तिशीच्या आतल्यांना. तिसरी ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांनाच आणखी द्यायची. शेवटी एक फाउंडेशन सापडलं. त्याची अट न्यारी होती. दोन देशांतल्या दोन प्रयोगशाळांनी मिळून अर्ज करायचा. त्याच काचपट्ट्या दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या, एकमेकांना एक शब्दही न विचारता, आणि आकडे थेट फाउंडेशनला धाडायचे. आकडे जुळले तर पुढची बोलणी.

"सोयरीकच जमवायची म्हणा की," मावशी म्हणाली.

समुद्रापलीकडचे एक प्राध्यापक तयार झाले. झुपकेदार भुवया, हातात सदा एक मोठा कप. ते संगणकाच्या पडद्यावर दिसले की मावशी पदर सारखा करून म्हणायची, "बाई, व्याही आले."

चाळीस काचपट्ट्या आधी इथे मोजल्या, मग कापसात गुंडाळून, 'भोक असेल ती उजवी बाजू' एवढीच चिठ्ठी जोडून व्याह्यांकडे रवाना केल्या. अर्जाच्या शेवटी हव्या असलेल्या सामानाची यादी होती. पहिलंच नाव: कॅमेरा असलेला नवा सूक्ष्मदर्शक. म्हणजे अर्ज मंजूर झाला तर मी कपाटात, आणि नामंजूर झाला तर खोलीच बंद, म्हणजे मी भंगारात. हिशेब काही अवघड नव्हता. मी कपाटाच्या बाजूने होतो.

तिकडे मोजून झाल्यावर काचपट्ट्या परत आल्या आणि पाठोपाठ फाउंडेशनचं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसल्या. दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळत होते. फक्त बाजू उलट होत्या. आम्ही म्हणत होतो उजवी, ते म्हणत होते डावी. एकदा नाही, चाळीसही वेळा. आठ दिवसांत कारण कळवा, नाहीतर अर्ज रद्द.

साहेब लगेच दारात हजर. "व्याह्यांचीच चूक आहे असं लिहून टाका. लांबचा माणूस, वाईट वाटलं तरी आपल्याला दिसणार नाही."

"आणि त्यांनीही आपल्याबद्दल तेच लिहिलं तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या दिवशी डॉक्टरबाई आणि व्याही पडद्यावर बोलले. इतक्या नम्रपणे बोलले की मला भीतीच वाटली. माणसं मनातून एकमेकांना मूर्ख समजू लागली की फार गोड बोलतात, हे मी सव्वीस वर्षांत पुष्कळदा टिपून ठेवलं आहे.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी सात नंबरची काचपट्टी माझ्याखाली सरकवली. याआधी त्या माझ्यात क्वचितच डोकावत. आकडे वहीतून उतरवून घेत, तेवढंच. आज त्यांनी डोळा लावला. सुईचं भोक डावीकडे दिसत होतं. "हं, हा उलटं दाखवतो," त्या पुटपुटल्या, "म्हणजे भोक उजवीकडे. बरोबर." मग त्यांनी शेजारच्या वहीत सात नंबरचं चित्र पाहिलं. मावशीने भोक उजवीकडेच काढलं होतं.

"मावशी, हे चित्र तुम्ही यातूनच बघून काढलंत ना?"

"मग काय स्वप्नात बघून?"

"पण यात भोक डावीकडे दिसतंय."

"दिसणारच. तो उलटं दाखवतो. मी सरळ करून लिहिते. चित्रही आणि आकडेही. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. नळ ठिबकत होता.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मीपण सरळ केलं."

"काय सरळ केलं?"

"तुमचे आकडे संगणकात भरताना डावं ते उजवं केलं, उजवं ते डावं. सगळे चाळीस. मला वाटलं, तुम्ही दिसतं तसंच लिहिता."

"अहो बाई, मग विचारायचं ना!"

"कसं विचारणार? वाटलं, तुम्हाला लागेल. सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला डावं-उजवं विचारायचं?"

"आणि मला वाटलं, एवढी शिकलेली बाई, तिला मी काय सांगायचं की जुना सूक्ष्मदर्शक उलटं दाखवतो!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या की टाकीतले मासे कोपऱ्यात पळाले. हसता हसता डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले.

"तुम्हाला एक सांगू, मावशी? आपल्या डोळ्यातही भिंगच असतं. आतल्या पडद्यावर सगळं जग उलटंच पडतं. तरी आपल्याला ते सरळ कळतं."

मावशीने डोळ्याला हात लावला. "म्हणजे माझ्या आतही कुणीतरी न विचारता सरळ करून घेतंय?"

"जन्मभर."

"कसं जमतं त्याला?"

"तेच तर पुरतं कळलेलं नाही. त्यासाठीच तर एवढे अर्ज."

मित्रांनो, मी तेव्हा काय अनुभवलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, नुसती दोन भिंगं आहेत. मला वाटायचं, उलटं दाखवणारा मी एकटाच. आणि ज्या डोळ्यांनी मला उलटा म्हटलं ते सगळेच माझे भाऊबंद! फक्त त्यांच्या मागे एक मेंदू होता. तो चूक दाखवत नाही, कुरकुरत नाही, श्रेय मागत नाही.

साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "यंत्रात बिघाड होता असं लिहा. ते थोडंच बोलणार आहे?"

मी बोलतो आहे ते तुम्ही ऐकताच आहात. पण त्या वेळी माझी बाजू मावशीने घेतली. "त्याने कुणाचं घोडं मारलंय? सव्वीस वर्षं तो एकाच रीतीने चुकतोय. इतकं भरवशाचं माणूस दाखवा मला एक!"

डॉक्टरबाईंनी घडलं तसं लिहिलं. सोबत वहीतल्या सात नंबरच्या पानाचा फोटो जोडला.

तीन आठवडे कुणी नीट जेवलं नाही. मग पत्र आलं. बाजू सुलट केल्यावर चाळीसही काचपट्ट्या जुळल्या होत्या. अनुदान मंजूर होतं, पाच वर्षांचं. व्याह्यांनी वेगळी चिठ्ठी लिहिली होती: मावशींच्या वहीसारखी वही त्यांच्याकडेही हवी होती. आणि फाउंडेशनची एक नवी अट होती: ज्या व्यक्तीने पेशी मोजल्या, तिचीही सही अर्जावर पाहिजे.

मावशीने पेन हातात घेतलं. "बाई, सही डावीकडे करू की उजवीकडे?"

"उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे?" मावशीने विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन टेकवलं नाही.

नवा सूक्ष्मदर्शक आला. तो सगळं सरळ दाखवतो, मोठ्या पडद्यावर. मी काचेच्या कपाटात आहे. वर्षातून एकदा नवी मुलं येतात तेव्हा मावशी मला बाहेर काढते, सात नंबर सरकवते आणि विचारते, "सांगा, भोक कुठल्या बाजूला?" मुलं छातीठोक सांगतात, "डावीकडे!" मग मावशी वही उघडून सात नंबरचं चित्र दाखवते.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या भिंगांना बोटं लावू नका, आणि लावलीत तर पुसून ठेवा. मनातल्या मनात एखादी गोष्ट सरळ केलीत, तर शेजारच्याला बोलून दाखवा. तो बिचारा तीच गोष्ट पुन्हा सरळ करत बसलेला असतो.