लोणी यायच्या आधी दिलेला विस्तव

या, अशा चुलीपाशी सरकून बसा. आमच्या डोंगरातली एक गोष्ट सांगतो, आणि तिच्यात पाप कुठलं, पुण्य कुठलं, ते तुम्हीच मला सांगा.

नाब्ला ही बेटावरल्या कोळ्यांची पोर. माहेरी मासळी उदंड, पण गाय एकही नाही. इथे डोंगरात, सासरी, सासू ओनोराबाईंनी पहिल्यांदाच तिला लोणी काढायच्या पिंपाशी उभं केलं, हातात साय घुसळायचा दांडा दिला आणि त्या गोठ्यात गेल्या. तेवढ्यात शेजारी एकटी राहणारी म्हातारी गोबनेट दारात.

"पोरी, चूल विझली गं माझी. एक निखारा दे."

नाब्लाने दोन दिले. विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणू नये, ही तिच्या आईची शिकवण.

मग दांडा वर-खाली करून खांदे भरून आले, तरी साय नुसती फेसाळतेय! सासूबाई परतल्या, पिंपात डोकावल्या.

"कोण आलं होतं?"

"गोबनेट आजी. विस्तव घेऊन गेल्या."

"अगं बये! लोणी यायच्या आत विस्तव दिलास? दांड्याला हात तरी लावला का तिनं, बरकत राखायला?"

"नाही."

"गेली आपली बरकत विस्तवाबरोबर तिच्या घरी! आता तिला हे दार बंद."

नाब्लाला कळेना. बेटावर जे पुण्य, ते इथे पाप कसं? आणि म्हातारी रोज बटाट्यांवर ओतून खायची ते ताक याच घरचं. दार बंद झालं तर ती खाईल काय? नाब्ला तशीच गोबनेटच्या घरी धावत सुटली.

"आजी, चला, दांड्याला हात लावा!"

"लावला नाही मी? अरे देवा! गारठ्यानं सुचलंच नाही गं."

इकडे ओनोराबाईंनी चडफडत पिंपात किटलीभर गरम पाणी ओतलं होतं. गोबनेट आली, "देव या कामाचं भलं करो" म्हणाली, दांडा चारदा वर-खाली केला आणि लोण्याचे पिवळे कण वर आले.

"माझ्या पाण्यानं आलं हो," ओनोराबाई म्हणाल्या.

"आणि माझा हात?"

"तू तर विस्तव पळवलास!"

"मग परत आणू?"

"परत कशाला आणतेस, भवाने? बटाटे कच्चे खाणार आहेस?" असं म्हणत त्यांनी ताकाचा वाडगा तिच्यापुढे आदळला.

नाब्ला एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. आपण चुकलो की नाही, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मलाही ते उमगलेलं नाही. पण मंडळी, आज ताटावर बसलात की त्या एकट्या गोबनेटची तेवढी आठवण काढा, आणि शेजारी अशी कुणी असेल तर तिला वाडगाभर धाडा.