‘वर’ आणि ‘वरच’

निघायच्या दिवशी पार्किंगमध्ये सामान गाडीत टाकता टाकता ऋषी म्हणाला, "चला वहिनीसाहेब, वर जाऊन येतो," तेव्हा चारुता त्याच्यावर अशी काही डाफरली की तिच्या कडेवरची हिमानी दचकून रडायलाच लागली.

"असलं बोलू नकोस हं ऋषी. चढायला जातोय म्हण."

"अगं, डोंगर आहे तो. माणूस वर नाही जाणार तर काय तळघरात जाणार?"

"मग शिखरावर म्हण. वर नको."

यतीन ओशाळं हसला. स्वानंदी मात्र खो खो हसली. "यार चारू, तू म्हणजे ना, माझ्या सासूबाई शोभतेस!"

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये चारुता आणि यतीन खाली राहायचे, तर ऋषी आणि स्वानंदी त्यांच्या बरोबर डोक्यावर. नवरे दोघेही एकाच कंपनीत, आणि डोंगरांचं खूळही दोघांच्या डोक्यात एकदमच शिरलेलं. आधी आसपासच्या टेकड्या झाल्या, मग तिथला शास्ता पर्वत झाला, आणि आता थेट इक्वेडोरमधला चिंबोराझो. अँडीजमधला, बाराही महिने बर्फ पांघरून निजलेला ज्वालामुखी. हिमानी अजून नीट रांगतही नव्हती. "एकदाच जाऊ दे, परत नाव काढणार नाही," म्हणून यतीनने हात जोडले, तेव्हा चारुताने एकच अट घातली. जरा जरी त्रास झाला तरी मागे फिरायचं. तेही तिने हिमानीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्याच्याकडून वदवून घेतलं. आपण इंजिनीअर आहोत, हे असलं आपल्याला शोभत नाही, हे तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग?

शनिवारी सकाळी ती हिमानीला नाचणीची पेज भरवत होती. एक डोळा लेकीवर, एक फोनवर. अनोळखी नंबर दिसताच तिने फोन उचलला.

"चारू." यतीनचा आवाज घोगरा होता. मागे वारा होता की माणसांचा गलका, कळत नव्हतं. "मी खाली आलो."

चमचा पेजेत पडला. "बरा आहेस ना? लागलं नाही ना कुठे?"

"नाही. मी... अर्ध्यातून फिरलो मी. उलट्या होत होत्या. ऋषी..." आवाज तुटला, परत आला. "ऋषी वरच गेला, चारू. तू स्वानंदीला सांग. मला नाही..."

फोन बंद पडला. तिने उलट लावून पाहिला, लागेना. पण आता लागला काय नि न लागला काय! खाली आला होता तो. दिलेला शब्द पाळून आला होता. तिने हिमानीच्या पेजेने बरबटलेल्या गालांचे तसेच पटापट मुके घेतले आणि तिला कडेवर मारून ती जिना चढली.

"स्वानंदी! फोन आला होता! यतीनला त्रास झाला, तो फिरला मागे. पण तुझा नवरा गेला गं वर!"

"खरंच?" स्वानंदीने तिला मिठीच मारली. मध्ये हिमानी चेंगरली. "आणि बिचारा यतीन! एवढी तयारी केली होती त्याने. थांब, आधी नागपूरला सासूबाईंना सांगते. सगळे जागे असतील. नाही, आधी शिरा टाकते. नाही, आधी फोन!"

रव्याच्या वासाने घर भरलं. स्वानंदीची पाच वर्षांची लेक आन्या मराठी बोलायची म्हणजे तिला ओढूनताणून बोलतं करावं लागायचं, पण आज स्वानंदीने वाक्य घोकून घेतलं आणि आन्याने ते फोनमध्ये ठणकावून सांगितलं, "आजी, बाबा वर गेला!"

पलीकडून आजी म्हणाल्या, "अगं बाई! असं नाही म्हणू सोन्या. शिखरावर पोचला, असं म्हणावं."

"बघ!" फोन ठेवल्यावर स्वानंदी हसत म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी, माझ्या सासूबाई शोभतेस म्हणून?"

चारुताही हसली. शिऱ्याची बशी घेऊन खिडकीपाशी बसली. आणि मग सवयीने तिचं मन तो फोन पुन्हा ऐकू लागलं. यतीनने हिमानीचं विचारलं नव्हतं. ऑफिसातून फोन केला तरी त्याचं पहिलं वाक्य असायचं, पिल्लू काय करतंय? आज नाही. आणि ‘मला नाही’ म्हणजे काय? मला नाही जमलं? की मला नाही सांगवत?

वर गेला, म्हणाला होता तो. नाही. वरच गेला, म्हणाला होता. ‘च’ होता. चारुताने घास तसाच तोंडात धरला. तिचा कान ‘मी खाली आलो’ पाशीच थांबला होता. पुढचं तिने नुसतं पोचवलं होतं.

फोन वाजला. ती हिमानीला घेऊन बाहेर जिन्यापाशी आली.

"सांगितलंस का तिला?" यतीनने विचारलं. आता आवाज स्वच्छ येत होता.

"हो."

"काय म्हणाली?"

"शिरा केलाय तिने."

"शिरा? चारू, मी काय सांगितलं तुला?"

मग तो सांगू लागला, तुकड्यातुकड्यांनी. उतरताना बर्फाचा अख्खा उतार सुटून दोघांच्या अंगावर आला होता. ऋषीच्या गाइडला काढलं, त्याचा पाय मोडला होता. ऋषीलाही काढलं, पण तोवर... "मी त्याच्याबरोबर असतो तर," यतीन म्हणाला आणि रडू लागला. तू नव्हतास म्हणून मला तू आहेस, हे चारुताच्या मनात आलं, आणि जीभ चावावी तसं तिने ते दाताखाली धरलं.

"कोण आहे गं? ऋषी का?" आतून स्वानंदी ओरडली. "दे ना इकडे, दे!"

चारुता आत आली. स्वानंदी हातात उलथनं घेऊनच पुढे आली, आणि चारुताचा चेहरा पाहून जागीच थांबली. आन्या जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. पांढरा त्रिकोण, टोकावर एक काडीचा माणूस.

"स्वानंदी," चारुता म्हणाली. "मी चुकीचं ऐकलं गं. ऋषी वरच गेला."

"वी नो, मावशी," मान वर न करता आन्या म्हणाली. "यू ऑलरेडी टोल्ड अस."