डावीकडचं वळण

सगुणाबाईंनी ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकायला घेतला तो गुडघ्यासाठी, असं त्या सगळ्यांना सांगत. गुडघा दुखायचा हे काही खोटं नव्हे. पण खरं दुखणं घरात होतं. मुंबईची नोकरी गेल्यावर परत आलेला त्यांचा मुलगा प्रज्ञेश पिऊन आला की आईवर हात उचलायचा. पोटचा पोर तो. सांगणार कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

मिरजोळ्याच्या बुद्धविहारात सकाळी अक्षया नावाची मुलगी शिकवायची. पोरगी गुणी. हळूहळू हात फिरवायचे, पाण्यातून चालल्यागत पावलं टाकायची. बायका फिदीफिदी हसायच्या. "सगुणे, भाताची लावणी लावतेस की माश्या हाकतेस?" हसेनात का बापड्या. सगुणाबाई मन लावून शिकत, कारण पहिल्याच दिवशी अक्षया म्हणाली होती, "कुणी अंगावर आलं तर अडवायचं नाही. वाट द्यायची. त्याचा जोर त्याच्याबरोबर निघून जातो."

म्हणजे मारही चुकेल आणि पोरालाही लागणार नाही. आईला याहून काय हवं?

उजवीकडे वळताना गुडघ्यात कळ यायची, म्हणून त्या डावीकडेच वळत राहिल्या. "दुसरी बाजूही करा, मावशी," अक्षया सांगून थकली. "करू गं सवडीनं," म्हणत त्यांनी टाळलं ते टाळलंच. विहाराच्या सपाट फरशीवर डावं काय नि उजवं काय.

एका तिन्हीसांजेला प्रज्ञेशनं आत जाऊन टोप उघडले. भात व्हायचा होता. तेवढंच निमित्त झालं. सगुणाबाई पडवीत उभ्या होत्या, उजव्या अंगाला भिंत, डाव्या अंगाला चिऱ्याच्या उंच पायऱ्या. तो धावून आला. भीती वाटायच्या आधीच त्यांचं अंग वळलं, त्याचं मनगट अलगद धरून, अगदी शिकवलं होतं तसं डावीकडे. प्रज्ञेश त्यांच्या बाजूनं गेला आणि थेट खाली कोसळला.

जीव वाचला, पण मानेला मार बसला. मानेखालचं अंग लाकूड झालं. दारूनं घात केला, असं वाडी म्हणाली. सगुणाबाईंनी वाडीला तसंच समजू दिलं.

आता त्या त्याला भरवतात, पुसतात, कुशीवर वळवतात. घर शांत आहे. रात्री त्यांना गाढ झोप लागते आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटते. असली कसली मी आई, असं पुटपुटत त्या पाणी तापत ठेवतात.

अक्षया येऊन त्याचे हात हळूहळू फिरवून देते. परवा ती मध्येच थांबली. "मावशी, बघा. बोटं हलली. मी नाही हलवली."

प्रज्ञेशला रडू फुटलं. "आये, हात येतोय माझा," तो म्हणाला, आणि दात आवळून त्यानं तो हात गादीवरून आईकडे जरासा उचलला.

सगुणाबाईंनी तो धरायला हवा होता. त्या मागं सरकल्या, पाठ भिंतीला लागेपर्यंत.